रुपाबाईचा अंगठा

९ जानेवारी

वीरेंद्र सरांनी आज प्रत्येकाला एक निळी वही दिली. "रोजचं काम रोज लिहायचं. काय केलं, काय शिकलो आणि मनावर काय परिणाम झाला." मनावरच्या परिणामाला दहा गुण आहेत म्हणे. समाजसेवेचा विषय आता आम्हाला सक्तीचा आहे. साठ तास गावात जाऊन काम करायचं, नाहीतर बी.ए.चं दुसरं वर्ष अडकतं. निळ्या वहीत काय लिहायचं ते मला काम सुरू होण्याआधीच माहीत आहे: "या सेवेतून मला अतिशय आनंद मिळाला." खरं काय ते या वहीत लिहीन. ही बाबांच्या बियाण्याच्या दुकानातून आणली आहे. हिला गुण नाहीत, त्यामुळे खोटं लिहायचं कारण नाही.

माझी आणि सुकेशनीची जोडी लागली. आसेगावच्या पुढे एक बंजारा तांडा आहे. तिथल्या लिहिता-वाचता न येणाऱ्या बायांना शिकवायचं. यादीत अठरा नावं आहेत. मार्चमध्ये त्यांची साक्षरतेची परीक्षा. सुकेशनी म्हणाली, "बरं झालं वं निकिता, कामाचं काईतरी भेटलं. बाकीच्याईले रस्ते झाडाले लावले." माझ्या डोक्यात मात्र दुसरंच चाललं होतं. विद्यापीठ दरवर्षी उत्कृष्ट स्वयंसेवक निवडतं. करणदादाचा, म्हणजे माझ्या चुलतभावाचा, पदक घेतानाचा फोटो आमच्या बैठकीत तीन वर्षं टांगलेला आहे आणि आई तो गॅस सिलिंडरवाल्यालासुद्धा दाखवते. आईशप्पथ, यंदा त्याच्या शेजारी माझा फोटो लागणार.

१६ जानेवारी

पहिला वर्ग झाला. तांड्यात दर दुसऱ्या दाराला कुलूप आहे. जोडपी ऊसतोडीला गेलीत, मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. त्यामुळे समाजमंदिरात आमच्यापुढे बसल्या त्या बहुतेक साठीला आलेल्या बाया. अठरापैकी अकराच आल्या. नायक हेमसिंग यांची बायको चंदाबाई पहिल्या ओळीत, कारण तांड्याच्या प्रमुखाची बायको मागे कशी बसेल. बाकीच्या तिच्या मागे, हसत, एकमेकींना ढोसत.

रुपाबाई सगळ्यात शेवटी आली आणि दाराशी बसली. ती हसली नाही. मुलगा-सून उसावर, घरी ती आणि सातवीतली नात संगीता. पेन्सिल तिने विळा धरावा तशी मुठीत धरली. मी म्हटलं, आधी सही शिकू. तर म्हणाली, "सई म्हणजे काय वं बाई? आपलं नाव लिवलं का झाली?"

"हो मावशी."

"मंग दुसऱ्या कोनं माहं नाव लिवलं तं?"

"ती तुमची सही नाही होणार."

"काहून? नाव तं माहंच हाय ना."

सुकेशनी म्हणाली, "मावशी, सही म्हणजे मी इथं व्हती अन मी हाव म्हणली, असं सांगणं." रुपाबाईने हाव, म्हणजे हो, अशी मान हलवली आणि पेन्सिल खाली ठेवली. अशा बाईला शिकवणं म्हणजे डोक्याला ताप, असं मला वाटलं. निळ्या वहीत "महिलांमध्ये प्रचंड उत्साह" असं लिहिलं.

३० जानेवारी

रुपाबाईला "रु" येत नव्हता. खालचा उकार दर वेळी उलटा. चौदा दिवस! बाकीच्या "पा", "बा" करून मोकळ्या झाल्या, हिचा उकार काही वळेना. हळद काढायच्या कामाला जाते, हाताची बोटं पिवळी आणि सालपटं निघालेली. मी तिचा हात धरून गिरवायला गेले तर हात काढून घेतला. "तू धरशीन तं थे तुवाली सई होईन."

आज सकाळी आम्ही तांड्यात शिरलो तर संगीता पळत आली आणि मला ओढत घरी घेऊन गेली. मातीच्या भिंतीवर, दाराच्या उजव्या हाताला, कोळशाने लिहिलेलं: रुपाबाई. उकार सरळ. वर खाली आणखी नऊ वेळा तेच. रुपाबाई चुलीपाशी बसून भाकरी थापत होती आणि तिने वर पाहिलंच नाही, पण कान आमच्याकडे होते हे दिसत होतं.

मला एकदम रडूच आलं. का ते माहीत नाही. हे मी निळ्या वहीत लिहिलं नाही, मनावरचा परिणाम असूनही.

१२ फेब्रुवारी

डोकं भन्नाट चाललं आज. पंधरा तारखेला तांड्यावर सेवालाल महाराजांची जयंती. सगळा तांडा जमणार, देवळापुढे पांढरा झेंडा, भोग लागणार. सर पाहुणे म्हणून येणार. मी म्हटलं, आपल्या बायांचा तिथे "अंगठामुक्ती सोहळा" करू. अठराही जणी ओळीने उभ्या, हात पुढे, आणि शपथ. अहवालात पहिल्या पानावर हा फोटो. शपथ मीच लिहिली: "संत सेवालाल महाराजांना साक्षी ठेवून मी शपथ घेते की, आजपासून मी कुठेही अंगठा देणार नाही. सहीच करीन."

सुकेशनीने कागद दोनदा वाचला. "बाकी ठीक हाय. पण महाराजांचं नाव कायले टाकतं? थे लोकं महाराजाईले लय मानतात. आपल्याले काय माहीत."

"मानतात म्हणूनच तर टाकलंय. त्याशिवाय वजन येत नाही."

सरांना फोनवर वाचून दाखवलं. "वा निकिता! लेखणीत दम आहे तुझ्या." सुकेशनीला मी हे सांगितलं, जरा टोचूनच.

१५ फेब्रुवारी

झकास झालं! देवाशप्पथ, इतकं छान होईल असं वाटलं नव्हतं. ज्या सात जणी वर्गाला कधी फिरकल्या नाहीत त्यासुद्धा नवी लुगडी नेसून ओळीत उभ्या. मी एकेक वाक्य म्हणायची, त्या मागून म्हणायच्या. "कुठेही" हा शब्द त्यांनी "कुठंबी" असा म्हटला, सगळ्यांनी एकदम, छान वाटला. रुपाबाईने म्हणताना डोळे मिटले होते. फोटोत एकटीचेच डोळे मिटलेले आलेत, म्हणून दुसरा फोटो घ्यावा लागला. ती म्हणाली, "शपत दुसऱ्यांदा बी घ्या लागते का?" मी म्हटलं, "नाही मावशी, नुसतं उभं राहा. आणि डोळे उघडे."

२७ फेब्रुवारी

साठ तास भरले. सरांची सही झाली. अहवाल टाईप करायला दिला.

१० मार्च

परीक्षेची ओळखपत्रं द्यायला एकटीच तांड्यावर गेले. रुपाबाई हळदीवर गेलेली. संगीता दारात बसून ज्वारीच्या कण्या निवडत होती. मी सहज विचारलं, भात नाही आवडत का तुला?

"कंट्रोलचा तांदूळ आणलाच नाही दोन महिने," ती म्हणाली. "आजी अंगठा देत नाही म्हणते."

मला आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळलं. कंट्रोलच्या दुकानात, म्हणजे रेशनला, आता मशीन आहे. अंगठा ठेवला की पावती निघते, मग धान्य. फेब्रुवारीत वीस तारखेला रुपाबाई दुकानात गेली, दुकानदार जानरावकाकांनी मशीन पुढे केलं आणि ती म्हणाली, मी सही करतो. ते म्हणाले, इथं सही चालत नाही. ती रिकामी पिशवी घेऊन परत आली. मार्चमध्येही तसंच. तिच्या कार्डावर ती आणि संगीता दोघीच. संगीताचं आधार ती दोन वर्षांची असतानाचं, तिच्या बोटांचे ठसे घेतलेलेच नाहीत, म्हणून तिचा अंगठा मशीन ओळखत नाही.

मी थेट जानरावकाकांकडे गेले. ते वैतागलेलेच होते. "तुमीच शिकवलं ना थिले? आता तुमीच समजवा. एकतीस तारखेपर्यंत ई-केवायसी नाही झाली तं नाव कटते कार्डावरून. मंग मले म्हणू नका."

"आणि बाकीच्या सतरा जणी?"

"थ्या देतात ना अंगठा. तवापासूनच देतात. फोटोसाठी व्हतं म्हणे थे."

बसमध्ये पूर्ण वेळ मनात एकच. मी काय तिला उपाशी राहा म्हटलं होतं? सतरा जणींना कळलं, हिलाच कसं कळलं नाही? हे मी रागाने लिहिते आहे. राग नक्की कोणावर ते उद्या बघू.

११ मार्च

राग ओसरला. झोप मात्र नाही आली. "कुठेही" हा शब्द माझा. "सेवालाल महाराजांना साक्षी ठेवून" हेही माझंच. सुकेशनीने टोकलं होतं. तिला फोन करून सगळं सांगितलं, वाटलं म्हणेल, मी तुला सांगितलं नव्हतं का. ती म्हणाली, "उद्या मी बी येतो तुह्यासंग."

१२ मार्च

आज रुपाबाई घरी भेटली. मी बसमध्ये सगळं पाठ करून गेले होते. मावशी, कागदावरचा अंगठा वेगळा, तो लिहिता येत नाही म्हणून देतात. मशीनवरचा वेगळा, तो फक्त ओळख पटवायला. कलेक्टरसुद्धा देतात.

तिने शांतपणे ऐकलं. "तू कुठंबी म्हणली व्हती."

"हो, पण माझ्या मनात..."

"तुह्या मनातलं मले काय माहीत बाई. मी तोंडातलं म्हणलं."

मग मी माझा हुकमी एक्का काढला. काल रात्री सुचला होता आणि मी स्वतःवरच खूश होते. "मावशी, शपथेत अंगठा म्हटलंय ना? मशीनला कोणतंही बोट चालतं. तुम्ही हे दुसरं बोट ठेवा. शपथही मोडत नाही आणि काम होतं."

रुपाबाई पहिल्यांदा हसली. पण ते हसू मला चांगलं वाटलं नाही. "देव काय वकील हाय का वं? बोट बदललं का फसते?"

सुकेशनी खाली बघत होती. मला वाटतं तीसुद्धा हसत होती. मी पाच किलो तांदूळ घरून नेला होता तो संगीताच्या हातात दिला, तर रुपाबाईने पिशवी तशीच परत माझ्या खांद्याला अडकवली. "आमी हळदीवर जातो ना. उपाशी नाही राह्यलो."

१५ मार्च

सरांना कॉलेजमध्ये गाठलं. म्हणाले, "अगं, इतकं मनाला कशाला लावून घेतेस? एखादी असतेच अशी हट्टी. नीट समजावून सांग." मग थोडं थांबून, "अहवालात तो फोटो पहिल्या पानावर आहे ना?"

"आहे सर."

"मग झालं तर."

परत येताना माझ्या लक्षात आलं की पाच दिवसांपूर्वी मीही तिच्याबद्दल अगदी अशाच आवाजात बोलले असते. हट्टी. पण ती हट्टी नाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, मी शपथेच्या शब्दांवर ठेवला नव्हता. बस, एवढंच आहे. एवढं लिहायला मला पाऊण तास लागला.

२१ मार्च

हेमसिंग नायकांकडे गेलो, मी आणि सुकेशनी. त्यांच्या अंगणात बाजेवर बसून सगळं सांगितलं. ते तंबाखू मळत होते. मग म्हणाले, "रुपाले मी बी म्हणलं व्हतं, दे अंगठा म्हणून. थे म्हणे, नायक, तुमी सांगून शपत सुटते का? मले बी वाटलं, बराबर हाय. मी देली नाही तं मी कशी सोडू?"

"मग कोण सोडवणार?"

"जिनं देली थिनं. त्याच जागी उभी राह्य, साऱ्याईच्या समोर, अन मागं घे. पण नुसतं मागं घेतो म्हणून चालणार नाही. काहून देली व्हती थे सांगा लागते. खरं."

मी म्हटलं, बरं. तोंडातून निघून गेलं. खरं काय सांगू? साक्षरतेचा प्रसार व्हावा म्हणून? महिलांचा स्वाभिमान जागा व्हावा म्हणून? निळ्या वहीत हेच लिहिलंय.

२३ मार्च

परीक्षा झाली. पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, म्हाताऱ्यांना थोडी मदत केलीत तरी चालेल. रुपाबाईने पेपरवर हात आडवा ठेवला आणि माझ्याकडे बघून मान नकारार्थी हलवली. तीन तासांत तिने जेवढी अक्षरं येत होती तेवढी स्वतः लिहिली. नायकांशी ठरलंय: सव्वीसला, दुपारी, देवळापुढे.

२६ मार्च

आजचं सगळं लिहून ठेवते, क्रमाने.

देवळापुढच्या लिंबाखाली तीस-चाळीस माणसं. वर्गातल्या बाया एका बाजूला. रुपाबाई थेट हळदीच्या शेतातून आलेली, पदराला पिवळे डाग. सुकेशनी माझ्या शेजारी उभी राहिली, तिला उभं राहायचं काहीच कारण नव्हतं.

मी बोलायला लागले तेव्हा पाठ केलेलं भाषण आठवेना. बरंच झालं. म्हटलं, "पंधरा फेब्रुवारीला मी तुमच्याकडून शपथ घेतली. महाराजांचं नाव मी घातलं. मला त्याचा अर्थ माहीत नव्हता. मी विचारलंही नाही. मला बक्षीस पाहिजे होतं आणि त्यासाठी फोटो पाहिजे होता. म्हणून शपथ दिली."

कुठेतरी बकरी ओरडत होती. मी पुढे म्हटलं, "ती शपथ मी परत घेते. माझी चूक झाली. महाराजांसमोर सांगते आहे."

मग रुपाबाई उठली. "म्हणजे मले सई शिकवली, थे बी फोटोसाठीच व्हतं का?"

याला मी तयार नव्हते. नाही म्हणायचा मोह झाला, जीव तोडून नाही म्हणायचा. पण तिथे उभं राहून ते जमेना. "पहिले व्हतं मावशी," मी म्हटलं. माझ्या तोंडी एकदम आमच्या घरची भाषा आली. "भिंतीवर नाव पाह्यलं तवापासून नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. पदर सावरला आणि चालत घराकडे निघून गेली.

मला वाटलं, संपलं सगळं. आणि तेवढ्यात चंदाबाई, नायकांची बायको, खाली बसूनच रडायला लागली. मोठ्याने. "मी देला अंगठा. फेब्रुवारीत बी देला, मार्चात बी. घरात पावने व्हते, धान्य पाह्यजे व्हतं. तवापासून मी देवळासमोरून गेली नाही वं. मांगच्या वाटेनं पाण्याले जातो." तिच्या मागची एक बाई म्हणाली, मी पण. मग आणखी दोघी. सतरा जणींतल्या प्रत्येकीला वाटत होतं की शपथ मोडल्याचं आपल्या एकटीलाच लागलंय; फोटोसाठी होतं असं त्या म्हणायच्या ते नुसतं सांगायला.

मी त्यांच्याबद्दल काय काय लिहिलं होतं! सतरा जणींना कळलं म्हणे.

नायकांनी विचारलं, "पोरीनं मागं घेतली. आता सुटली का सारी?" चंदाबाईने उठून देवळाच्या पायरीला हात लावला, डोळे पुसले आणि माझ्या डोक्यावरून तो हात फिरवला. मग बाया एकदम बोलायला लागल्या, हसायला लागल्या, एकीने तर नायकांचीच नक्कल केली. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं. पण रुपाबाईच्या घराचं दार बंद होतं. सुकेशनी म्हणाली, "वाजवू नोको. राहू दे थिले."

२८ मार्च

अहवाल पाठवायचा शेवटचा दिवस. सरांना म्हटलं, फोटो काढून टाका. आणि "अठरा महिला स्वाक्षरी करू लागल्या" असं लिहिलंय तिथे अकरा करा, सात जणी वर्गाला आल्याच नाहीत.

सर म्हणाले, "मग उरलं काय अहवालात?"

"अकरा उरल्या ना सर."

मला वाटलं चिडतील. पण त्यांनी लाल पेन घेतला आणि अठरावर काट मारली. म्हणाले, "बक्षिसाचं विसर मग." मी हो म्हटलं. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "जाऊ दे, जेवून घे." मला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं. करणदादाच्या फोटोशेजारी आई कॅलेंडर लावणार आहे म्हणे.

रुपाबाईचं काही कळलं नाही. तीन दिवस उरले.

३० मार्च

संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन. संगीता. मागून रुपाबाईचा आवाज, "सांग थिले, सांग." संगीता म्हणाली, "आजी म्हणते, उद्या कंट्रोलवर ये."

का, ते विचारायच्या आत फोन ठेवला. अंगठा द्यायला बोलावते आहे की देणार नाही हे माझ्या तोंडावर सांगायला, काही कळत नाही. सुकेशनीला तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आता झोप वं माय."

३१ मार्च

सुकेशनी आणि मी आठच्या बसने गेलो. दुकानापुढे रांग होती, शेवटच्या दिवशी सगळ्यांनाच जाग येते. रुपाबाई आमच्या आधीच येऊन उभी होती, संगीता आणि दोन पिशव्या घेऊन. आमच्याकडे बघून फक्त हनुवटी वर केली.

तिचा नंबर आला. जानरावकाकांनी मशीन पुढे सरकवलं. ती म्हणाली, "पह्यले रजिस्टर काढा."

"कोणतं रजिस्टर? आता सारं मशीनमधीच हाय."

"कोणतं बी काढा. कागद तं असन. मी इथं आली व्हती अन मी हाव म्हणली, थे पह्यले लिवतो. मंग अंगठा."

रांगेतले लोक कुरकुरायला लागले. जानरावकाकांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मीच हे शिकवून पाठवलंय. शेवटी त्यांनी साठ्याचं जुनं रजिस्टर काढलं आणि मागचं कोरं पान उघडून दिलं. रुपाबाईने पेन धरला, आता बोटांत, मुठीत नाही. रु, पा, बा, ई. सावकाश. उकार सरळ. रांगेतली कुरकुर तोवर थांबली होती.

मग तिने अंगठा मशीनवर ठेवला. मशीनने लाल दिवा दाखवला. पुन्हा ठेवला. पुन्हा लाल. "हळदीनं बोटाचे ठसेच गेले हिचे," जानरावकाका म्हणाले. एवढं सगळं करून आता मशीन नाही म्हणणार? संगीताने आजीचा हात धरला. सुकेशनी शेजारच्या दुकानातून तेलाची पुडी मागून घेऊन आली, एक थेंब अंगठ्यावर चोळला, रुपाबाईच्याच पदराच्या टोकाने पुसला. "आता ठेवा मावशी, जोरात नोको."

हिरवा दिवा. आतून कर्रकर्र करत पावती बाहेर आली. जानरावकाका म्हणाले, "झाली केवायसी. नाव राह्यलं. कार्ड चालू राह्यलं." संगीता टाळ्या वाजवायला लागली आणि रांगेतली एक म्हातारी तिच्याबरोबर वाजवायला लागली. मी भिंतीला टेकले. गेले वीस दिवस छातीवर जे बसलं होतं ते उठून गेलं, अगदी कळलं उठताना.

धान्य मोजून झालं. रुपाबाईने एक पिशवी संगीताच्या डोक्यावर दिली आणि दुसरीची गाठ मारता मारता, माझ्याकडे न बघता विचारलं, "तुये तास भरले ना?"

"फेब्रुवारीतच भरले मावशी."

"हं." गाठ मारून झाली. "माह्या पोराले चिठ्ठी लिवाची हाय. थो उसावरून येण्याच्या आंधी. मले नाव लिवता येते, पण 'बरं हाय' कसं लिवतात थे नाही येत. उद्या येशीन का?"

"येतो," मी म्हटलं.

तिने पुढे काही विचारलं नाही. पिशवी डोक्यावर घेतली आणि चालायला लागली.